लेकरू कोणाचे? वऱ्हाडातील अनाथ, दत्तक आणि जात

मराठी वाचकाला 'दत्तक' हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो शालेय इतिहासाच्या पुस्तकात. सातारा, झाशी, नागपूर, डलहौसी. दत्तक नामंजूर, संस्थान खालसा. या ओळखीमुळे त्या शब्दाभोवती गादी, वतन आणि पिंडदान यांचे असे काही कडे पडून गेले आहे की त्यात लेकरू नेमके कुठे आहे, हे पाहण्याची आठवण आपल्याला सहसा होत नाही. दत्तकाचा इतिहास म्हणजे दत्तक घेणाऱ्यांचा इतिहास, असे आपण धरून चालतो. ज्याला दिले, ज्याला घेतले किंवा ज्याला कोणीच घेतले नाही, त्याचा इतिहास निराळा आहे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत त्या इतिहासाचे फार जुने आणि अगदी अलीकडचे असे दोन्ही धागे हाती लागतात. आईबापांविना राहिलेले मूल कोणाच्या घरी जावे, हे ठरवताना जातीने येथे काय केले आणि पुढे कायद्याने जात बाजूला सारल्यावर त्या मुलाच्या वाट्याला काय आले, एवढेच आम्हाला येथे पाहायचे आहे.

जुन्या धाग्यापासून सुरुवात करू. महानुभावांचे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, हे अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे. जन्म जवळच्याच काटसुऱ्याचा. आईवडील बाळपणीच वारले आणि आजोळच्या नातलगांनी त्यांना रिद्धपुरास आणून वाढवले. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले त्यांचे चरित्र हे मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक. म्हणजे मराठीतल्या पहिल्या चरित्रनायकांपैकी एक हा अनाथ बालक आहे, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, १८७६ मध्ये, त्याच जिल्ह्यात शेंडगावी परिटाच्या घरी डेबूजी जन्मला. वडील झिंगराजी अकाली गेले आणि आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या घरी गुरे राखत, शेत कसत हा मुलगा वाढला आणि पुढे गाडगेबाबा झाला.

या दोन कथांत अंतर मोठे असले तरी व्यवस्था एकच आहे. वऱ्हाडात बाप मेलेल्या लेकराची तजवीज आजोळ करी. कायदा नव्हता, संस्था नव्हती, कागद नव्हता आणि त्यांची गरजही पडत नव्हती. आजोळ म्हणजे तीच जात, तीच चूल, तेच कुलाचार. तेव्हा मूल कोणाच्या घरी जावे, या प्रश्नाला जातीचे अंग आहे हे कोणाच्या ध्यानातही येण्याचे कारण नव्हते. पुढे या दोघांनीही जातीची कुंपणे ओलांडली, राऊळ महारा-मांगांच्या घरी गेले आणि गाडगेबाबांनी कोणत्याही दारची भाकर आपल्या गाडग्यात घेतली, यात आजोळच्या संगोपनाचा काही वाटा होता असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो.

ज्याला आजोळ नाही त्याचे काय? येथे धर्मशास्त्राकडे वळावे लागते. दत्तकाचे शास्त्र अनाथासाठी रचलेलेच नव्हते. मूल देण्याचा अधिकार फक्त बापाला आणि त्याच्या पश्चात आईला. दोघेही नसतील तर देणारा उरत नाही, आणि देणारा नाही म्हणून घेणाराही नाही. ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, नेमके तेच मूल दत्तक जाण्यास अपात्र! दत्तक सवर्ण हवा, म्हणजे घेणाऱ्याच्याच वर्णाचा. रस्त्यावर सापडलेल्या अर्भकाचा वर्ण कोण सांगणार? बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा द्विजांना वर्ज्य आणि शूद्रांना चालत असे. त्यामुळे दत्तकाच्या दाव्यांत पक्षकार द्विज की शूद्र, हे ठरवण्याची वेळ इंग्रजी न्यायालयांवर वारंवार आली. वऱ्हाडात महाराष्ट्र-संप्रदायाचा, म्हणजे नीलकंठाच्या 'व्यवहारमयूखा'चा अंमल चाले. तो पुष्कळ बाबतींत सैल होता. विधवेला नवऱ्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता येई; लग्न झालेला, मुलेबाळे असलेला पुरुषही दत्तक जाऊ शके. देशमुख-देशपांड्यांच्या वतनाला मिशा फुटलेला वारस चालत होता, उकिरड्यावरचे तान्हे मात्र चालत नव्हते.

अशा न चाललेल्या मुलांचे समाजाने जे केले ते आमच्या मते फार बोलके आहे. त्यांची एक वेगळी जात केली. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नागपूर-वर्धा आणि वऱ्हाडाकडच्या 'विदूर' जातीची नोंद आहे: ब्राह्मण पिता आणि अन्य जातीची माता यांची संतती. नाव महाभारतातल्या दासीपुत्राचे. कुणब्या-मराठ्यांत 'लेकावळे' हा असाच वेगळा काढलेला वर्ग. 'अक्करमासा', 'बारमासा' ही तर संततीचा कस तोळ्या-माशात मोजणारी भाषा. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'अक्करमाशी' हे नाव दिले तेव्हा ते माप साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडावर फेकले गेले. आमच्या समाजाने बिनजातीचे माणूस कधी राहू दिलेले नाही. ज्याला कोणत्याच जातीने घेतले नाही, त्याच्यासाठी नवी जात तयार ठेवली.

ही घडी पहिल्यांदा उसवली ती दुष्काळात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळला. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. (मधल्याच १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, हे स्मरणात असू द्यावे.) आईबापांबरोबर मामा-मावशीही मेले किंवा परागंदा झाले तेव्हा आजोळ नावाची संस्था मोडून पडली आणि मुले सरकारच्या पदरात आली. सरकारच्या दुष्काळ-संहितांनी त्यांच्यासाठी एक क्रम लावून दिला होता: आधी नातेवाईक शोधा, ते न सापडले तर मुलाच्या जातीधर्माच्या जबाबदार माणसाकडे किंवा संस्थेकडे द्या, तेही न जमले तर इतरांकडे. अन्नछत्रांत स्वयंपाकी वरच्या जातीचे नेमावेत, असाही दंडक होता, कारण छत्रात जेवलेल्या मुलाला जात परत घेणार नाही ही धास्ती.

आज परकी वाटणारी 'मुलाला त्याच्याच समाजात ठेवा' ही भूमिका आपल्याकडे इंग्रजी राजवटीने अशी लिहून ठेवलेली आहे. तिच्या मागे बालकाविषयी आस्था किती आणि १८५७ नंतरची धर्मविषयक सावधगिरी किती, हे सांगता येईल. आमचा कल दुसरीकडे अधिक आहे. परंतु प्रत्यक्षात क्रम उलटा फिरला. नातेवाईक नव्हते आणि जातभाईंचे दार बंद होते. दार उघडे होते ते मिशनचे. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनने अकोल्याला मुलांचे आणि खामगावला मुलींचे अनाथगृह चालवले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते, १९०५ मध्ये ते बुलढाण्याकडे गेले. हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवर १९०० मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या जेनी फुलर या अकोल्याच्याच मिशनच्या. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये मध्य प्रांतात फिरून सुमारे तीनशे मुली आणल्या, त्याही याच काळातल्या.

मग हिंदू समाज जागा झाला. लाला लजपतराय आणि आर्य समाजाने पंजाबातून मोहीम काढली, मध्य प्रांतातून मुले गोळा करून आपल्या अनाथालयांत नेली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे लजपतरायांनी मिशनऱ्यांच्या हाती जाणाऱ्या हिंदू मुलांविषयी साक्ष दिली. मुलांना पंजाबात नेण्यात कोणाला अडचण वाटली नाही. भाषा गेली, मुलूख गेला, जात विचारली गेली नाही, धर्म वाचला. मिशनरी आणि आर्य समाजी या दोघांच्याही लेखी मूल ही जिंकण्याची वस्तू होती, हे कबूल केले तरी एक गोष्ट मिशनच्या पदरात टाकलीच पाहिजे: बिनजातीच्या मुलाला प्रथम त्यांनी जेवू घातले. त्याची किंमत म्हणून त्यांनी नवा धर्म दिला आणि गावाने त्या मुलांची 'ख्रिस्ती' ही आणखी एक जात करून टाकली.

याच्याही आधी, १८७४ मध्ये, पुण्यात एका माळी दांपत्याने ब्राह्मण विधवेच्या मुलाला आपले म्हटले होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या यशवंताची कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. जोतीरावांच्या १८८७ च्या मृत्युपत्रात यशवंत नालायक निघाल्यास माळी, कुणबी, धनगर आदी शूद्रांतील लायक मुलाला वारस करावे, अशी तरतूद आहे. तिचा अर्थ जातीकडे परतणे असा आम्ही लावत नाही. सत्यशोधकाला ठाऊक होते की मुलाला केवळ आईबाप देऊन भागत नाही, त्याच्या पाठीशी एक समाज उभा असावा लागतो. सत्यशोधक विचार पुढे वऱ्हाडात चांगला रुजला, तो याच जाणिवेसकट.

कायद्याला या ठिकाणी यायला १९५६ साल उजाडले. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने सवर्णत्वाची अट काढून टाकली. दत्तक कोणत्याही जातीचा चालेल, हिंदू असला म्हणजे झाले. बौद्ध, जैन, शीख यांचाही त्यात अंतर्भाव होता. तरी देणाऱ्याची अडचण पूर्णपणे सुटली नव्हती. ती १९६२ च्या दुरुस्तीने सुटली: ज्याचे आईबाप अज्ञात आहेत असे मूल न्यायालयाच्या परवानगीने पालकाला दत्तक देता येऊ लागले. त्याच दुरुस्तीने आणखी एक वाक्य कायद्यात घातले. टाकून दिलेले किंवा अज्ञात मातापित्यांचे मूल हिंदू म्हणून वाढवले गेले तर ते हिंदू. आमच्या मते हे स्वतंत्र भारताच्या कायद्यातले एक क्रांतिकारक वाक्य आहे, कारण त्याने धर्म जन्मापासून सोडवून संगोपनाशी बांधला. जातीबद्दल मात्र असे वाक्य कोणी लिहिले नाही. वाढवल्याने धर्म मिळतो, वाढवल्याने जात मिळते का, याचे उत्तर तसेच लोंबकळत राहिले. २००० च्या बाल न्याय कायद्याने दत्तक हा बालकाच्या पुनर्वसनाचा मार्ग ठरवला, २०१५ च्या कायद्याने सारी प्रक्रिया केंद्रीय प्राधिकरणाच्या संगणकावर नेली. दत्तकेच्छू पालकाला तेथे मुलाचे वय, लिंग, राज्य यांविषयी पसंती सांगता येते, जात मागता येत नाही. हे योग्यच झाले. मागता आली असती तर काय मागितले गेले असते, हे विवाहविषयक जाहिराती वाचणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

आता पुन्हा अमरावती जिल्ह्यात येऊ. परतवाड्याजवळ वझ्झर येथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या छत्राखाली, अंबादासपंत वैद्यांच्या नावे, बेवारस दिव्यांग मुलांचे बालगृह आहे. ते चालवणारे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. रेल्वे स्थानके, बसथांबे, उकिरडे अशा ठिकाणी सापडलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुले देशाच्या निरनिराळ्या भागांतून येथे आली. अशा १२३ मुलांच्या कागदांवर बाप म्हणून शंकरबाबांचे नाव आहे. शास्त्रार्थाने हे दत्तकविधान नव्हे. या मुलांना कोणी दत्तक मागितलेच नव्हते. पण शाळेचा दाखला, आधार, मतदार ओळखपत्र यांवर बापाचा रकाना असतो आणि तो त्यांनी भरला. पापळ हे पंजाबराव देशमुखांचे जन्मगाव. 'पापळकर' हे आडनाव ऐकणाऱ्याला गाव सांगते, जात सांगत नाही. एवढे सोयीचे आडनाव योगायोगानेच मिळते.

येथील मुलींची लग्ने बाबांनी लावून दिली. २०२० च्या डिसेंबरात नागपुरात झालेल्या अशा एका लग्नात राज्याचे तत्कालीन गृहमंत्री वधूपिता म्हणून आणि जिल्हाधिकारी वरपिता म्हणून उभे राहिले. वधू आणि वर दोघेही मूकबधिर, दोघेही याच आश्रमातले. त्या मांडवात कोणी जात विचारली नसेल, कारण दोन्ही बाजूंना ती नव्हतीच. हा सोहळा हृद्य होता यात संशय नाही. तरी एक शंका मनात राहते. बिनजातीच्या मुलाला बिनजातीचीच मुलगी मिळाली. मांडवाबाहेरच्या कोणत्या जातीने आपले दार उघडले? रसेलच्या ग्रंथातले विदूरही आपापसातच लग्ने करीत.

त्याच जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी २०१२ पासून 'प्रश्नचिन्ह' ही आश्रमशाळा उभी केली. मुले फासेपारध्यांची, संस्थापकही फासेपारधी. भीक मागणारी, आईबाप तुरुंगात असलेली, आईबाप नसलेली मुले येथे आणली गेली. वझ्झरला मूल बिनजातीचे होऊन नवे नाव घेते. येथे ते आपल्या जमातीतच राहते, आपली बोली ऐकते आणि तरी पालापासून दूर वाढते. या आग्रहामागे मोठा इतिहास आहे. गुन्हेगार जमाती कायद्याच्या १८९७ च्या दुरुस्तीने अशा जमातींची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधारवस्तीत ठेवण्याची मुभा सरकारला दिली होती. हिंदू अनाथाला जातभाईंकडे द्यावे म्हणणारे सरकार तेच आणि पारध्याच्या आईबाप असलेल्या मुलाला त्याच्या माणसांपासून तोडावे म्हणणारे सरकारही तेच. फासेपारधी माणसाला 'मूल कोठेही वाढले तरी चालेल' हे उदारमतवादी वाक्य ऐकवताना आम्हाला तरी संकोच वाटेल.

हा संकोच केवळ आपला नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ मध्ये कृष्णवर्णीय मुले गोऱ्या घरांत देण्यास कडाडून विरोध केला. मूळ रहिवासी जमातींच्या मुलांसाठी १९७८ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा झाला. मूल आधी आप्तांकडे, मग जमातीकडे, असा त्याचा क्रम. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. उलट १९९४ आणि १९९६ च्या कायद्यांनी इतर मुलांच्या बाबतीत वंश पाहून घर नाकारण्यास मनाई केली. म्हणजे त्या देशानेही दोन मुलांसाठी दोन न्याय ठेवले, आणि इतिहास पाहता ते अगदीच विसंगत नाही. आपल्याकडे फरक इतकाच की तेथे मुलाचा वंश चेहऱ्यावर दिसतो. आपल्याकडे जात दिसत नाही, सिद्ध करावी लागते.

आमच्या दृष्टीने खरा पेच या सिद्ध करण्यात आहे. महाराष्ट्राचा जात पडताळणीचा कायदा २००१ पासून लागू झाला. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते आणि पुराव्याचे ओझे अर्जदारावर असते. बापाचा, आज्याचा शाळेचा दाखला, महसुली नोंद, रक्तनात्यातील कोणाचे तरी प्रमाणपत्र. आजोळ असलेल्या डेबूजीलाही हे जड गेले असते. उकिरड्यावर सापडलेल्या मुलीने कोणाच्या आज्याचा दाखला आणावा? दत्तक देताना राज्य म्हणते की जात विचारू नये. तेच मूल अठरा वर्षांनी बाहेर पडते तेव्हा तेच राज्य खिडकीमागून पहिला प्रश्न जातीचा विचारते, आणि उत्तर नाही म्हणून त्याला खुल्या प्रवर्गात ढकलते, जणू जात ठाऊक नसणे म्हणजे उच्च जातीचे असणे.

या अन्यायाला तोंड फुटले ते अमृता करवंदे या अनाथालयात वाढलेल्या तरुणीच्या लढ्याने. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. पुढे २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले. देशात असा निर्णय करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता, याचा अभिमान जरूर वाटावा. वझ्झरच्या एका दृष्टिहीन मुलीने लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण केली, तेव्हा वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांनी तो आपल्या घरचा आनंद मानला. मात्र या तरतुदीचे स्वरूप पाहिले तर ओळखीची आकृती दिसते. जात नसलेल्यांचा एक प्रवर्ग झाला, त्याला प्रमाणपत्र आले, पडताळणी आली, पोटवर्गही आले. समाजाने विदूरांचे आणि लेकावळ्यांचे जे केले ते राज्याने सद्हेतूने पुन्हा केले.

'जात पुसा' आणि 'जात जपा' या दोन टोकांत मध्यम मार्ग काढण्याची हौस आम्हाला नाही. घर शोधताना जात पाहू नये, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. शास्त्राने आणि दुष्काळाने ती पाहण्याचे परिणाम पुरेसे दाखवले आहेत. पण न पाहणे आणि नोंदच न ठेवणे यांत फरक आहे. मुलाच्या मुळाविषयी जे काही ठाऊक असेल, सापडले ते गाव, आणणाऱ्याचे म्हणणे, आईने सोडताना सांगितलेले नाव, जमात, बोली, ते दत्तक घेणाऱ्याच्या पसंतीचा विषय होता कामा नये. ते त्या मुलाच्या मालकीचे आहे. दत्तक नियमावलीत मूळ-शोधाची तरतूद आहे, अठरा वर्षांनंतर मुलाला अर्ज करता येतो. त्या अर्जाला उत्तर म्हणून जी संचिका उघडली जाईल तिच्यात काय असेल, हे मात्र मूल संस्थेत आले त्या दिवशी नोंदवहीसमोर बसलेल्या माणसाने ठरवलेले असते. 'जात: माहीत नाही' आणि 'जात: विचारली नाही' या दोन नोंदींत त्याने फरक केला होता का, आणि आजोळी कोणी आहे का, एवढे तरी त्याने विचारले होते का?